सुगरताबाईचं नख

सुगरताबाईच्या डाव्या अंगठ्याचं नख वाढलेलं असे. बाकीची नखं दगड फोडून फोडून झिजलेली, काळी पडलेली. हे एकच तिनं जपलेलं. झाडाजवळ गेली की त्या नखानं सालीवर बारीक ओरखडा काढायची, आत हिरवं आहे का पाहायची आणि निकाल द्यायची. एक तर "जित्तं", नाही तर "मेलं". मधलं काही नाही. या बाईबरोबर मी जवळजवळ दीड वर्ष काम केलं आणि तिचा निकाल एकदाही चुकला नाही. तो चुकावा म्हणून मी किती वाट पाहिली, तेही सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक आदर, भक्ती असलं काही लिहितात. मला तिचा हेवा वाटायचा. आजही वाटतो.

तेव्हा मी उकव्याच्या मँगनीज खाणीवर नर्सरीबाबू होतो. नागपूरच्या शेतकी शाळेत शिकलेला, अक्षर चांगलं, इस्त्रीची पँट. राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, बालाघाट इकडे हिंदी मुलखात राहिलं, आणि आम्ही राजेगावची मराठी मंडळी भराभर हिंदीत अर्ज लिहायला शिकलो. मला नोकरी लागली ती झाडांमुळे नव्हे, त्या हिंदीमुळे, असं माझी बायको विमल अजून म्हणते. तर खाणीचा जुना भाग बंद पडला होता, पण त्यातून काढलेल्या टाकाऊ दगडमातीचा डोंगर तसाच उभा होता. काळा, भुसभुशीत, त्यावर गवताची काडी नाही. दर पावसाळ्यात तो सुटायचा आणि पायथ्याच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये, काळा चिखल भरायचा. शेतकरी ओरडले, अर्ज गेले, आणि बालाघाटहून हुकूम आला की डोंगरावर झाडं लावा. सोबत यादी होती: सागवान, शिसम, निलगिरी.

मी दोरी लावून सहाशे खड्डे खणून घेतले. रांगा इतक्या सरळ की एका टोकाला उभं राहिलं तर पहिल्या रोपामागे बाकीची सगळी लपावीत. मला त्या रांगांचा फार अभिमान होता. पावसाळ्यात रोपं लावली, थंडी निघाली, आणि उन्हाळ्यात तो काळा दगड असा तापला की चपलेतून चटका बसायचा. रोपांची पानं गळली. मी म्हणत होतो, पानगळ आहे, फुटतील पुन्हा.

अशात सुगरताबाई नर्सरीवर मजूर म्हणून आली. त्याआधी ती खाणीवर माल निवडायला होती. हातोडीनं दगड फोडायचा, चांगला माल एकीकडे, टाकाऊ दुसरीकडे. स्वतः मागून तिनं इकडे बदली घेतली होती. चाळिशीची, उंच, वाळलेली बाई. नवरा वारलेला, एक मुलगा, श्रावण, खाणीवरच कामाला. पहिल्या दिवशी मी हजेरी घेतोय तोवर ही माझ्या रांगेतून चालायला लागली, एकेका रोपाला नख लावत. "मेलं. मेलं. हे बी मेलं."

"बाई, पानगळ आहे ती," मी ओरडलो. सगळे मजूर ऐकत होते.

"पानगळ जित्त्याची होते, बाबू," मागे न बघता ती म्हणाली. "मेलं. मेलं."

सहाशे रोपांत एकोणीस जित्ती निघाली. तिची पाठ वळल्यावर मी तीन-चार रोपं मोडून पाहिली. कडकन मोडली, आत वाळकं लाकूड. बाईचं खरं होतं, आणि त्याच दिवशी ती माझ्या डोळ्यांत सलायला लागली.

"तुला काय एवढी घाई आहे रोपं मारायची?" मी तिला विचारलं.

तिनं डोंगराच्या पायथ्याशी बोट दाखवलं. "थे दिसते का बांधी? चिन्नोर धान लावतो आमी तिथी. तीन होत्या. दोन या डोंगरानं खाल्ल्या. हे एक राह्यली. हे बी गेली का मी अन् माहा पोरगा जलमभर खडीच फोडत बसू."

म्हणजे बाई माझ्याकडे मजुरीला आली नव्हती. ती आपली शेवटची बांधी राखायला आली होती, आणि त्या कामात मी तिला अडचण होतो.

तिचं म्हणणं साधं होतं. पलीकडच्या खडकाळ टेकाडावर सालई उगवते, पांगारा उगवतो. त्यांच्या मनगटाएवढ्या फांद्या तोडून खुंट रोवू, पाऊस लागला की फुटतील. "रोप पाव्हणं असते, बाबू," ती म्हणायची. "पानी द्या, सावली द्या, तरी रुसते. खुंट घरचा असते. वाढलं थे खाते." मी तिला यादी दाखवली. सालई यादीत नव्हती. तिचं लाकूड धड इमारतीला नाही, धड जळणाला नाही. सरकारी खड्ड्यात असलं झाड लावून मला नोकरी घालवायची नव्हती. तिनं यादीचा कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, आणि गंभीरपणे त्यावर नख ओढलं. "मेलं," म्हणाली. मजूर खो खो हसले. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली.

आणखी एक गोष्ट मला सहन व्हायची नाही. काम सुटलं की ती आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर विमलशी गप्पा मारत बसायची. आमच्या अंगणातली जास्वंद दोन वर्षं नुसती उभी होती. हिनं तिची छाटणी केली आणि महिन्याभरात ती लालभडक फुलली. मी घरी आलो की दोघींचं हसणं फाटकापर्यंत ऐकू यायचं, आणि मी ओट्यावर पाय ठेवला की थांबायचं. माझ्याशी बोलताना विमल एवढी हसल्याचं मला आठवत नाही. "काय बोलत होता?" असं विचारलं की म्हणायची, "काही नाही, झाडांचं." अरे, झाडांचं मला नाही कळत?

त्या उन्हाळ्याच्या शेवटी पत्र आलं. बालाघाटचे मोठे साहेब वृक्षारोपण बघायला येणार, दहा दिवसांनी. कागदावर मी सहाशेपैकी साडेपाचशे जगली असं कळवून बसलो होतो. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मजुरांना जमवलं आणि मान खाली घालून सांगितलं की जंगलातून हिरव्या फांद्या तोडून आणा आणि खड्ड्यांत खोचून द्या. साहेब आले, बघून गेले, की संपलं.

सुगरताबाई तेवढी म्हणाली, "मी आनतो फांद्या. पन मले आजच जाऊ द्या."

"आज कशाला? आदल्या दिवशी तोड. आज तोडल्या तर पानं सुकतील."

"पानाचं पाहू मंग."

ती चार बायका घेऊन गेली आणि मनगटाएवढे जाड, बोडके खुंट घेऊन आली. वर एक पान नाही. ते तिनं नर्सरीच्या छपराखाली सावलीत चार दिवस आडवे टाकून ठेवले. मी डोक्याला हात लावला. मग ती ते रोवायला लागली, तेही नुसते न खोचता हातभर खोल, आणि माझ्या सरळ रांगा सोडून डोंगराला आडव्या ओळींनी. मधल्या फटींत काटक्याकुटक्या विणल्या. तिच्या बांधीच्या नेमक्या वर तर खुंटांची अशी दाटी केली की शेळी शिरू नये.

"एवढे जाड कशाला? एवढे खोल कशाला?"

"वाऱ्यानं पडले त साहेबासमोर तुमची फजिती होईन ना, बाबू."

मला पटलं! मी शेतकी शाळेत शिकलेला माणूस, मला ते पटलं. साहेब यायच्या सकाळी त्या बायकांनी करंजाचे हिरवे डहाळे आणले आणि पळसाच्या मुळाच्या दोरीनं एकेका खुंटाच्या डोक्याला बांधले. खालच्या रस्त्यावरून पाहिलं तर डोंगर हिरवा दिसत होता. मला हसावं की रडावं कळेना.

साहेब जीपमधून उतरले, पहिल्या ओळीपर्यंत चढले, घाम पुसला. एका खुंटाला धरून त्यांनी गदागदा हलवून पाहिलं. खुंट जागचा हलला नाही.

"जड़ पकड़ ली है," साहेब म्हणाले. "शाबाश, बाबू!"

सुगरताबाई टोपली डोक्यावर घेऊन बाजूला उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

चार दिवसांनी वडील आजारी पडल्याचा निरोप आला म्हणून मी राजेगावला गेलो. महिनाभर तिथंच अडकलो. इकडे पाऊस लागला होता. परत आलो तेव्हा डोंगराकडे बघायची माझी हिंमत नव्हती. वाळक्या डहाळ्यांचे झुबके लोंबत असणार, लोक हसत असणार. सुगरताबाई मला हजेरीच्या छपरापासून ओढल्यासारखं वर घेऊन गेली. करंजाचे डहाळे कधीच गळून गेले होते. सालईच्या खुंटांना लालसर कोंब फुटले होते. पांगाऱ्याला तर तीन-तीन पानं आली होती. ती नख लावत पुढे चालली.

"जित्तं. जित्तं. हे बी जित्तं. हे मेलं. जित्तं."

मी तिच्यामागे चिखलातून चालत होतो. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. माझं खरं लावलेलं वाळून गेलं होतं, आणि माझ्या खोट्याला हिनं पानं आणली होती. निदान लबाडी तरी माझी असायला हवी होती. तीही हिनं माझ्या हातून काढून घेतली होती.

श्रेय मात्र मी घेतलं. सालई यादीत नाही, मग मी हिंदीत लांबलचक अहवाल लिहिला, "स्थानीय प्रजातियों का प्रयोग" असं नाव दिलं, आणि साहेब खूश झाले. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत खुंट कमरेच्या वर गेले, खाली गवत धरलं, आणि लोक त्या डोंगराला बाबूची टेकडी म्हणू लागले. शेजारच्या खाणींवरचे बाबू पाहायला यायचे. त्यांतल्या एकानं एकदा विचारलं, फांदी तोडल्यावर लगेच लावायची की थांबायचं? ते चार दिवस मी पाहिले होते, पण कशासाठी ते कळलंच नव्हतं. तेव्हा सुगरताबाई खुरपं चालवता चालवता, मान वर न करता म्हणाली, "बाबूनं सांगतलं होतं ना, चार दिवस सावलीत ठेवा म्हून."

त्या माणसानं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. तिनं मला वाचवलं होतं, सगळ्यांदेखत. आणि ते मला सहन झालं नाही. चूक काढली असती तर भांडलो असतो. पुढच्या आठवड्यात मी वर लिहून पाठवलं की नर्सरीवर एक मजूर जादा आहे, परत घ्यावा. नाव लिहिलं. सुगरताबाई पुन्हा माल निवडायला, दगड फोडायला गेली. जाताना तिनं खुरपं धुऊन छपरात टांगलं. घरी विमलनं माझ्याशी चार दिवस अबोला धरला.

दिवाळीनंतर धान कापणी झाली आणि एक दिवस सुगरताबाईचा श्रावण आमच्या दारात फडक्यात बांधलेला तांदूळ ठेवून गेला. नव्या हंगामाचा चिन्नोर. आमच्याकडे नवा तांदूळ आपल्या माणसाच्या घरी देतात. विमलनं त्याच दिवशी शिजवला. वास पलीकडच्या क्वार्टरपर्यंत गेला. मला घास उतरेना. ही मला डिवचते आहे, अशी माझी खात्री झाली, आणि मी ताटावरून उठून थेट ती माल निवडत होती तिथं गेलो.

ती हातोडी घेऊन उन्हात बसली होती.

"तांदूळ कशाला पाठवलास? माझा राग नाही आला तुला?"

"येते ना. काहून येनार नाही?" तिनं हात दाखवले. बोटं फुटली होती. "पाहा, काय हाल होऊन राह्यले."

"मग?"

"या साली बांधीत मूठभर बी काळा चिखल नाही आला, बाबू. राग येगळा, तांदूळ येगळा." तिनं एक दगड फोडला, टाकाऊ बाजूला टाकला. "अन् तुमी खोटं लावा म्हनलं नसतं, त मले थ्या डोंगरावर सालई लावू कोन देल्ली असती? खरं लावतो म्हनलं होतं मी. तुमी यादी दाखोली."

तिला परत नर्सरीवर घेतो, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण साहेब विचारतील, का पाठवली होती, का परत घेता. मग सगळंच निघेल. "बरं," एवढंच म्हणालो आणि घरी आलो. दोन वर्षांनी माझी बढती होऊन बालाघाटला बदली झाली, त्याच टेकडीच्या जोरावर.

त्यानंतर मी उकव्याला गेलो नाही. कामं निघाली तर दुसऱ्याला पाठवलं. पण दर वर्षी कापणी झाली की उकव्याच्या बसचा कंडक्टर ऑफिसात येऊन फडक्यातला तांदूळ टेबलावर ठेवायचा. "उकवावाली बाई का है." नऊ वर्षं. एकही साल चुकलं नाही. विमल तो सणासारखा शिजवायची आणि मी मान खाली घालून जेवायचो. तोवर चवही लागायला लागली होती, हे कबूल करतो.

दहाव्या वर्षी तांदूळ आला नाही. विमलनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी सकाळची उकव्याची बस पकडली.

श्रावण बांधीच्या पाळीवर सापडला. आता त्याची मिशी पिकायला लागली होती. एकाच्या तीन बांध्या झाल्या होत्या. गाडलेल्या दोन्ही मायलेकांनी उकरून काढल्या होत्या. त्यानं मला लगेच ओळखलं.

"माय गेली, बाबू. दसऱ्याच्या आधीच." मग जरा लाजून म्हणाला, "तांदूळ ठेवला हाय तुमचा. मायनंच सांगतलं होतं, मी गेली का एक साल धाडू नोको. मंग बाबू सोता येईन, टेकडी पाहाले."

मी टेकडी पाहिली. सालया माझ्या डोक्याच्या कितीतरी वर गेल्या होत्या. खाली पाचोळा, पाचोळ्यात आपोआप आलेली तेंदूची झुडपं, कुठं मोहाचं पोर. माझी एक सरळ रांग कुठं दिसत नव्हती. चढता चढता मला राहवलं नाही.

"श्रावण, ही झाडं माझी नाहीत. तुझ्या आईची आहेत. मी फक्त..."

"हौ," तो म्हणाला. "मालूम हाय. साऱ्या उकव्याले मालूम हाय. डहाळे बांधाले पाच बाया होत्या ना."

"मग इतकी वर्षं कोणी बोललं काहून नाही?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"माय म्हने, खोटं उघडं पडलं त साहेब सारे खुंट उपटाले लावन, अन् आपली बांधी जाईन. बाबूचं नाव हाय तवर कोनी हात नाही लावत." तो हसला. "मंग झाडं मोठी झाली, पन लोकाइले सवय होऊन गेली. बाबूची टेकडी म्हनाची."

म्हणजे ते नाव मी ढापलं नव्हतं. माझं नाव तिनं कुंपणासारखं वापरलं होतं, शेवटच्या बांधीसाठी, आणि सगळं गाव त्या कुंपणाला टेकून गप्प बसलं होतं. मी मात्र दहा वर्षं चोरासारखा बालाघाटात तोंड लपवून बसलो. मी एका सालईला अंगठा लावला. बाबूचा हात, नखं मुळापासून कापलेली, साल खरवडेना. श्रावणनं खिशातला चाकू पुढे केला. मी नको म्हणालो.

तांदूळ घेऊन घरी आलो, विमलला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "सुगरताबाईनं ओट्यावर बसून कधीच सांगितलं होतं मला," म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.

तेव्हापासून मी डाव्या अंगठ्याचं नख कापत नाही. ऑफिसातले लोक हसायचे, आता नातवंडं हसतात. अंगणातल्या झाडांवर रोज सकाळी ओढून पाहतो आणि मोठ्यानं निकाल देतो. निम्म्या वेळा चुकतो. ज्याला मेलं म्हणावं ते आठ दिवसांनी फुटतं. आणि दर वेळी चुकलो की मला त्या बाईचा राग येतो.